सुतकातला टाइप

माझ्या सासरी माणसांसारखंच अक्षरांनाही सोवळंओवळं होतं. अमरावतीच्या आमच्या घरात पुढच्या खोलीत मामाजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा छापखाना. लग्नपत्रिका, जिनिंगच्या पावत्या, शाळांचे पेपर, दुकानांची हँडबिलं, सगळं तिथं छापलं जाई. मरणाची कार्डं तेवढी तिथं छापत नसत. ती मागच्या खोलीत. त्यांच्यासाठी टाइप वेगळा, शाईचा डबा वेगळा, हातानं दाबायचं एक जुनं यंत्रही वेगळं. त्या टाइपाला घरात आणि गावात ‘सुतकातला टाइप’ म्हणत. ज्या खिळ्यांनी, म्हणजे शिशाच्या ज्या अक्षरांनी, कोणाच्या तेरवीचं कार्ड जुळवलं, त्यांनीच कोणाच्या पोरीचं लग्न कसं छापायचं, असा मामाजींचा सवाल असे. तो कोणालाच खुळा वाटत नसे.

मागच्या खोलीला गल्लीकडं गजांची खिडकी होती. ज्याच्या घरी सुतक आहे तो छापखान्याची पुढची पायरी चढत नसे. डोक्याचा गोटा केलेला माणूस गल्लीतून येई, गजांमधून मजकुराचा कागद आत सरकवी आणि तिथंच उभा राही. खोलीला दोन दारं. एक परसात उघडणारं, दुसरं छापखान्यात. छापखान्याकडच्या दाराला कडी होती, पण ती त्यांच्या बाजूनं. आमच्या बाजूनं नुसती फळी.

‘आमच्या’ म्हणते, कारण त्या खोलीत सुतकातल्या टाइपाच्या सोबतीला मी असे. कावळा शिवला की महिन्याचे चार दिवस माझं घोंगडं तिथं पडे. ताट परसाच्या दारातून येई. सासूबाई दुरूनच विचारत, “भाकर पायजे का अजून?” आणि मी नको म्हटलं तरी हो म्हटलं तरी एकच टाकत.

मी अकोल्याची. मोर्णेच्या पलीकडं जुन्या शहरात माझे वडील दुकानांचे बोर्ड रंगवत, आणि सिनेमाच्या नि तमाशाच्या पोस्टरांसाठी लाकडी अक्षरं कोरून देत. आमच्या घरात मीठ-मिरचीइतकंच अक्षर बोलण्यात असे. बाबा एकदा एका किराणावाल्यावर भडकले होते, कारण त्याला बोर्डावर सगळंच मोठं हवं होतं. “दुकानाचं नाव बोंबलते, मालाची नावं बोलतेत,” बाबा म्हणाले. “सारेच बोंबलले तं थो बाजार होते, बोर्ड नाई होत.” मराठी सातवी होईपर्यंत मी हे ऐकत वाढले, आणि लग्न होऊन आले ती अशा घरी, जिथं सगळंच बोंबलत होतं.

मामाजींच्या लग्नपत्रिकेत जेवढ्या ओळी तेवढे टाइप. वर गणपतीचा ठोकळा, त्याखाली वळणदार, मग जाड, मग तिरपा, नवरा-नवरीच्या नावांना वेलींचा, फुलं चिकटवलेला मोठा टाइप, आणि चहूबाजूंनी वेलबुट्टी. कोणी म्हटलं की जरा गर्दी होते, तर मामाजी म्हणत, “ताटात एकच भाजी वाढली तं पावना नाराज होते.” तो फुलांचा टाइप त्यांचा जीव की प्राण. वापरून वापरून त्याच्या मात्रा उडाल्या होत्या, फुलांचे नुसते ठिपके उरले होते. त्याच्यामुळंच मामाजींची पत्रिका दुरून ओळखू येई, आणि याचा त्यांना मोठा अभिमान होता.

आता गंमत अशी, की त्या छापखान्यातला सगळ्यात देखणा टाइप मागच्या खोलीत पडून होता. कोणत्यातरी बंद पडलेल्या छापखान्याकडून तो आला होता म्हणे. साधा, सरळ उभ्या काठीचा, पोटात मोकळा, शिरोरेघ बारीक आणि न तुटणारी. मरणाच्या कार्डाला मजकूर थोडा, त्यामुळं तो फारसा झिजलाही नव्हता. पहिल्या महिन्यात घोंगड्यावर बसून मला दुसरं काम नव्हतं. मी एकेक खिळा काढून बोटावर उलटा धरून बघायची. खिळ्यावर अक्षर उलटं असतं, ते वाचायची सवय मला बाबांच्या लाकडी अक्षरांमुळं होतीच.

एकदा मी बाजूला बसलेली असताना गजांतून एक कागद आला. आमच्याकडच्या म्हाताऱ्या जुळाऱ्याच्या, म्हणजे खिळे जुळवणाऱ्याच्या, मुलीचं लग्न तोंडावर होतं. त्यानं त्या टाइपाला हात लावायला साफ नकार दिला. मी दाराच्या फटीतून माझ्या नवऱ्याला म्हटलं, मी जुळवते. हे बापापुढं पाणीसुद्धा न मागणारे, पण त्या दिवशी अडलं होतं म्हणून त्यांनी विचारलं. मामाजींचं उत्तर मला दाराआडून ऐकू आलं. “करू दे. तसंही बाजूलेच बसली हाय.”

तेव्हापासून माझे चार दिवस माझे झाले. बायका त्या दिवसांना कंटाळत, मी वाट बघे. हात शिशानं काळे होत, आणि घरात कोणी हाक मारत नसे. एकच गोष्ट सलायची. मरणाचं कार्ड घरात ठेवत नाहीत. वाचलं की उंबऱ्यातच फाडायचं, अशी रीत. मी मार्जिन मोजून, ओळी तोलून, दोनदा प्रूफ काढून कार्ड करावं, आणि ते गावभर जाऊन त्याच दिवशी फाटावं. माझ्या हातचं एक चिटोरंही कोणाच्या घरात उरत नव्हतं.

मला एक दुसरी केस हवी होती. केस म्हणजे खिळ्यांची खणाखणांची पेटी. नुसत्या एका टाइपात मी किती दिवस बोलणार? मला त्या शांत अक्षराशेजारी दुसरं काहीतरी ठेवून बघायचं होतं. तोच फुलांचा टाइप, पण फक्त नावापुरता, बाकी सगळं साध्यात. मला ते डोळ्यांपुढं दिसायचं. दोन टाइप एकमेकांशेजारी बसवले की दोघांचाही स्वभाव कळतो, एकटा असला की कळत नाही. यांच्याकरवी मी विचारून बघितलं. मामाजींनी ऐकून घेतलं आणि सांगितलं, “पुढची केस मागं गेली का विटाळली. मंग थे परत पुढं येत नाई. सूनबाईच्या हौसेपायी मी केस बुडवू का?”

नागपूरला दीक्षा झाली त्याला दोन-तीन वर्षं झाली असतील. एके दिवशी भातकुलीकडचे एक गुरुजी, प्राथमिक शाळेतले, मुलीच्या लग्नाची पत्रिका छापायला आले. मी मागं होते, दाराला कान लावून. बौद्ध पद्धतीचं लग्न होतं. गणपती नको, कुलदैवत नको, वर ‘नमो बुद्धाय’ एवढंच हवं, असं ते सावकाश सांगत होते. मामाजींनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, “गणपती नाई, देव नाई, मंग पुढच्या खोलीत तुमचं कामच काय? गल्लीतून मागं जा. तिथं होईन.” आत कोणीतरी हसलं. गुरुजींच्या वहाणा पायरी उतरल्याचं ऐकू आलं. थोड्या वेळानं ते खिडकीशी आले आणि त्यांनी गजांतून कागद दिला. धोतर पांढरंशुभ्र, इस्त्रीचं. डोक्याचा गोटा न केलेला पहिला माणूस त्या खिडकीत मी पाहिला.

माझ्या अंगाची लाही झाली, आणि त्याच वेळी हातात पहिल्यांदा लग्नाचा मजकूर आला म्हणून हात शिवशिवत होते. दोन्ही एकदमच होतं, त्याला मी काय करू?

मी जीव ओतून जुळवलं. काळी चौकट नाही, चहूकडं मोकळी जागा, ओळी मधोमध. प्रूफ काढून यांच्याकडून गुरुजींना पोचवलं. मला ते इतकं आवडलं होतं, की दुसरी एक प्रत मी घोंगड्याखाली ठेवून घेतली.

दोनच दिवसांनी खिडकीशी एक मुलगी आली. नऊवारी नाही, पाचवारी पातळ, हातात छत्री. तीच नवरी होती. ट्रेनिंग करून तीसुद्धा शाळेत शिकवत होती. तिनं गजांतून माझंच प्रूफ आत दिलं. त्याचे दोन तुकडे झाले होते.

“हे तुमीच जुळवलं का?”

“हो.”

“लय साजरं हाय, ताई. बाबानं घरी आनलं तं मले भल्लं आवडलं. पन आमच्या आत्यानं पायलं अन् दारातच फाडलं. रडाले लागली. कोन गेलं व माय, म्हणे.”

“वाचलं नाही का त्यांनी?”

“तिले कुठं वाचता येते! अक्षर वळखते थे. जिंदगीभर ज्याच्या त्याच्या मरणाचं कार्ड याच अक्षरात पायलं तिनं.”

मी तुकडे हातात घेऊन बसले. ज्या बाईला एक अक्षर वाचता येत नाही, तिनं माझं सगळं काम एका नजरेत वाचलं होतं. मोकळी जागा सोडून आणि चौकट काढून मी स्वतःलाच फसवत होते. गावाच्या लेखी ते अक्षर मेलेल्या माणसांचं होतं.

“तुमच्याजवळ दुसरं अक्षर नाई का?” तिनं विचारलं.

“आहे. पुढच्या खोलीत.”

“मंग आना ना.”

“पुढचं मागं येत नाही.”

तिनं गजांतून आत बघितलं. घोंगडं बघितलं, झाकलेलं ताट बघितलं. तिला समजलं असावं. “अन् तुमी? तुमी पुढं जाता का नाई?”

मी तुकडे एकमेकांना जुळवत राहिले. ती चिडवत नव्हती. तिनं अगदी सरळ विचारलं, “आमी तं सोडलं बाप्पा हे सारं. तुमी कधी सोडता?” मग माझा चेहरा बघून तिनंच विषय बदलला. “जाऊ द्या. माझं लगन हाय, ताई. ज्याच्या घरी कार्ड जाईन त्यानं थे फाडू नये, एवढंच. दुसऱ्या छापखान्यात जातो म्हटलं मी बाबाले. बाबा म्हणे, एकदा दिलं ते दिलं, आता इथूनच साजरं करून घेऊ.”

मला गुरुजींचा तो हट्ट कळला. मागच्या खिडकीवर पाठवलं म्हणून ते पळून जाणार नव्हते. आणि आता सगळं माझ्यावर येऊन ठेपलं होतं. मी पुन्हा विचारलं, फुलांच्या टाइपातली फक्त दोन नावांची अक्षरं. तेवढी तरी. मामाजींचं उत्तर तेच.

गुरुजींच्या घरच्या लग्नाला मुहूर्ताची भानगड नव्हती. दिवाळीनंतरचा एक रविवार धरला होता. मी भाऊबिजेला अकोल्याला जाणार होते. निघताना सुतकातल्या टाइपातला एक खिळा काढला आणि पदराच्या गाठीत बांधला. लाकडी अक्षर शिशाच्या अक्षरासोबत छापायचं तर दोघांची उंची केसभरही कमीजास्त चालत नाही, म्हणून नमुना हवा होता.

घरी गेल्यावर आईनं पदराची गाठ बघितली. तिला वाटलं, सासूनं काहीतरी दिलं. गाठ सोडली, खिळा बघितला, कुठला ते मी सांगितलं आणि ती किंचाळलीच. “व माय! सुतकातलं अक्षर घेऊन भाऊबिजेले आली हे पोरगी!” तिनं तो माझ्याच हातानं परसातल्या भिंतीवर ठेवायला लावला, मला डोक्यावरून आंघोळ घातली आणि भावाला ओवाळण्याआधी पाट बदलला. बाबा संध्याकाळी भिंतीजवळ गेले. खिळा उचलला, डोळ्यापाशी नेला, नखानं त्याचा पाय तपासला.

“शिसं हाय हे,” ते म्हणाले. “याले काय मायबाप मरते?”

मी फाटलेलं प्रूफ त्यांना दाखवलं आणि सांगितलं, मला नावांसाठी फुलांची अक्षरं कोरून द्या. त्यांनी मान हलवली. “फुलं कायले? हे अक्षर किती चुपचाप बसून हाय पाय. याच्याजवळ नटवी बसवली तं हे अजून सुतकातलंच दिसन. याले हसवनारं कोनी पायजे.” आम्ही बापलेक भांडलो. मला फुलं हवी होती, कितीतरी दिवस मी मनातल्या मनात तीच बसवत होते. त्यांनी कोळशानं भिंतीवर नवरीचं नाव काढून दाखवलं. कुंचल्यानं काढल्यासारखं, जरा ठसठशीत, टोकं गोल, पोट भरलेलं. अक्षरं शिरोरेघेला अशी लोंबत होती, की कोणी हात धरून झुलतंय असं वाटावं. मग त्याखाली बारीक सरळ अक्षरात गावाचं नाव लिहिलं. मी बघत राहिले. वरचं हसत होतं म्हणून खालचं आता दुःखी दिसत नव्हतं, नुसतं शांत दिसत होतं.

सागाची फळी त्यांनी खिळ्याच्या उंचीला रंधून घेतली आणि दोन्ही नावं कोरून दिली. चिवड्याच्या डब्यात तळाशी ती अक्षरं, वर कागद, वर चिवडा. मूर्तिजापुरावरून येणाऱ्या बसमध्ये मी तो डबा मांडीवरून खाली ठेवला नाही. घरी आल्यावर सासूबाई परात घेऊन आल्या, तर मी म्हटलं, राहू द्या, मी काढते. सुनेला एवढी कामाची हौस कधीपासून, असं त्या म्हणाल्याच.

माझे चार दिवस आले तशी मी मागं जाऊन बसले. शाई काळी नको होती. लालही नको, कुंकवाचा रंग गुरुजींच्या घरी चालला नसता. निळी पुढच्या खोलीत होती. संध्याकाळी परसाच्या दारातून हे आले, निळ्या शाईचा अर्धा डबा पायरीवर ठेवला आणि भिंतीकडं बघत म्हणाले, “मले विचारलं तं म्या देल्ला नाई.” माझ्या संसारात यांनी केलेलं हे सगळ्यात मोठं धाडस. मी अजून ते विसरलेले नाही.

लाकूड सुरुवातीला शाई नीट घेईना, एक बाजू फिकी यायची. खाली कागदाच्या चिंध्या लावून उंची सारखी केली आणि दांडा दाबला. कार्ड उचललं तेव्हा माझ्या तोंडून हसू फुटलं. बंद खोलीत एकटीच हसत होते.

दुसऱ्यांदा नवरी आली ती आत्याला घेऊनच. म्हातारी काठी टेकत गल्लीतून आली. मी गजांतून कार्ड दिलं. तिनं ते जवळ धरलं, लांब धरलं, नावांवरून अंगठा फिरवला. मग तिनं भाचीला विचारलं, “कोनाचं लगन हाय व?”

नवरी हसत हसत रडायला लागली. “माझंच व, आत्या.”

म्हातारीनं कार्ड दुमडलं आणि कमरेला खोचून ठेवलं. फाडलं नाही. माझ्या हातचा कागद पहिल्यांदाच कोणाच्या घरी राहायला निघाला होता. त्या दिवशी मला जो आनंद झाला तसा लेकरं झाली तेव्हाही झाला नाही, हे मी कोणाला सांगितलं तर मला आई म्हणतील की नाही कोण जाणे.

कार्ड गावात फिरलं. मामाजींच्या हाती कोणाकडून तरी आलं. त्या दुपारी छापखान्याकडची कडी निघाली आणि मामाजी स्वतः दारात उभे राहिले. मी पदर सारखा केला. ते कार्ड बघत होते, मग मागं वळून यांना म्हणाले, “सूनबाईले सांग, साजरं झालं. आता थ्या लोकायचं सारं काम तिच्याकडंच.” दार लागलं, कडी लागली. संध्याकाळपर्यंत मी हवेत होते.

आठवडाभरानं कळलं, की मला कौतुक करून कोंडलं होतं.

भातकुलीहून आले, बडनेऱ्याहून आले, परतवाड्याहून बसनं लोक आले. “गुरुजीच्या पोरीसारखं पायजे,” म्हणत. सगळे गल्लीतून, सगळे खिडकीशी. काम इतकं झालं, की चार दिवसांत उरकेना. मामाजींनी ठरवलं, सूनबाईनं रोज मागंच बसावं. रोज बसायचं म्हणजे रोज विटाळ. सकाळी आंघोळ करून मी मागं जायची, संध्याकाळी पुन्हा आंघोळ करून घरात. थंडीत दोन आंघोळींनी माझी हाडं धरली, तेव्हा सासूबाईंनीच तोड काढली, की मग स्वैपाकघरात कायले येता, आम्ही ताट पाठवू. माझी लेकरं परसाच्या दारात उभी राहून माझ्याशी बोलू लागली. धाकटी पाटी घेऊन येई, मी आतून अक्षर सांगे, ती बाहेर गिरवी. चार दिवसांची माझी मोकळीक होती, ती बारा महिन्यांची कोंडी झाली. आणि हे सगळं माझ्याच हातच्या कार्डानं केलं. ते वाईट झालं असतं तर मी सुटले असते. वाईट करणं मला जमलं नाही.

राग यायचा. कोणावर काढणार? लोक खिडकीशी येऊन आशीर्वाद देत. ती नवरी, आता एका मुलाची आई, कोणाकोणाच्या लग्नाचं काम घेऊन येई आणि दरवेळी विचारी, “बाहीर नाई येत का, ताई? बसू जरासक वट्ट्यावर.” मी म्हणायची, काम आहे. एकदा ती म्हणाली, “तुमचं काम कधी सरनच नाई.” तिला ते मनापासून वाटलं असावं. मला ते रात्रभर लागून राहिलं.

बाबांनी हळूहळू लाकडी अक्षरांची पुरी बाराखडी पाठवली होती. पुढं त्यांची नजर अधू झाली आणि लाकूड झिजायला लागलं. मी दरवर्षी एकदा तरी केस मागायची. आता मला फुलांचाच टाइप हवा असं नव्हतं, कोणताही चालला असता, पण तोंडात तेच बसलं होतं. “फुलांची केस द्या म्हणावं.” तिकडूनही तेच उत्तर बसलेलं होतं. सुनेनं मागायचं, सासऱ्यानं नाही म्हणायचं, असा आमच्या घरचा तो एक सणच होऊन गेला.

मध्ये आणखी एक गोष्ट झाली, ती मामाजींना फार लागली. तेरवीची कामं येईनाशी झाली. कापूस बाजाराकडं नवा छापखाना निघाला होता, लोक तिकडं जाऊ लागले. म्हणत, तुमच्या त्या अक्षरात तर आता लग्नं होतात, आमच्या म्हाताऱ्याचं कार्ड त्यात कसं काढावं? खरंच होतं. आठ-दहा वर्षांत गावाची नजर फिरली होती. ते सरळ, मोकळं अक्षर दिसलं की लोक विचारत, कोणाचं लग्न?

आणि मग मामाजी गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. छापखाना बंद झाला. घराला सुतक आलं, पुढच्या खोलीलाही आलं. तेरवीचं कार्ड दुसऱ्या छापखान्यातून काढणं म्हणजे नाचक्की. तिसऱ्या दिवशी छापखान्याकडची कडी निघाली आणि हे दारात उभे राहिले. डोक्याचा गोटा, हातात मजकुराचा कागद. गल्लीतून येणाऱ्या इतक्या माणसांना मी तसं बघितलं होतं, पण यांना बघून मला भडभडून आलं.

“कोनत्या टाइपात काढाचं?” त्यांनी विचारलं. मी आपल्या केसकडं बघितलं. तेही बघू लागले. “यात नाई होत आता,” ते म्हणाले. “लोक लग्नपत्रिका समजतीन.”

“फुलांची केस आणा,” मी म्हटलं.

ते दचकले. त्यांचे डोळे बापाच्या खुर्चीकडं गेले. खुर्ची रिकामी होती. “मागं आली तं परत…”

“नाही गेली तर नाही. त्यांचाच टाइप आहे. त्यांना त्यातच पाठवू. मजकूर माझ्यात, नाव त्यांच्यात.”

ते गेले. केस ओढल्याचा आवाज आला, खिळे खुळखुळले. दोन्ही हातांनी ती जड पेटी उचलून ते आले, उंबऱ्याच्या आत ठेवली. जेवढी वर्षं मागितली तेवढी ती माझ्या डोळ्यांपुढं मोठी झालेली होती. प्रत्यक्षात ती माझ्या केसएवढीच होती. मी खाली बसले. उडालेल्या मात्रा, झिजलेली फुलं, खणांत शिशाची धूळ. मामाजींच्या नावाचं पहिलं अक्षर शोधून मी ते माझ्या टाइपाच्या ओळीवर बसवलं. बाबा म्हणाले होते तसं नव्हतं झालं. नटवी दिसत नव्हती. थकलेल्या म्हाताऱ्याजवळ कोणीतरी गप्प बसून आहे, असं दिसत होतं. मला त्यांच्यासाठी रडू आलं. खरंच आलं. इतकी वर्षं मला वाटत होतं, की येणार नाही.

मग कोणी भेटायला आलं म्हणून बाहेरून हाक आली. हे वळले, दार ओढून घेतलं आणि पलीकडून कडी लागली.

मुद्दाम नाही लावली. त्यांच्या मनात काही नव्हतं, ते मला माहीत आहे. हाताची सवय होती. मी तशीच बसून होते, एका हातात फुलांचं अक्षर, दुसऱ्या हातात माझं. इतकी वर्षं मी केस आत मागत होते. दार मागायचं मला सुचलंच नव्हतं.